सात गावांची एक लायन

सुर्ला, डिचोली
९ नोव्हेंबर २०२५

ती. परेशदादास,
विनिताचा नमस्कार.

पत्र बघून हसशील. हस. फोनवर बोलायला लागले की तू "रेंज जाता गो" म्हणून ठेवून देतोस आणि मागाहून हात जोडलेलं चित्र पाठवतोस. कागदाला रेंज लागत नाही. तुझी आई, आमची कमलाक्षीआत्या, या गावची लेक. मे महिना लागला की तू इथेच पडीक असायचास, आमच्या फणसाखाली. म्हणून तुला सांगते, परक्याला सांगितलं नसतं.

तुला ठाऊक आहे, खाणी बंद पडल्या तेव्हा आमचा ट्रक त्याच फणसाखाली उभा राहिला. सहा पावसाळे. केबिनमध्ये कोंबडी अंडी घालायची आणि सदाशिव दुसऱ्यांच्या घरांना रंग काढायचा. दोडामार्गहून क्लीनर म्हणून आलेला माणूस, तीस वर्षांत एक ट्रक केला, तोही माझ्या नावावर, कारण तो 'भायलो', गोव्याबाहेरचा. खाण पुन्हा सुरू झाली तेव्हा त्याने आधी कोंबडीला हाकललं, मग इंजिनाला हात लावला. आता गाडी चालते, घर चालतं.

आता ऐक. आमच्या गावात एकेचाळीस ट्रक आहेत आणि एक लायन आहे, गाड्यांची रांग. नंबर आला की खाणीवर भरायचं, जेटीवर ओतायचं, परत शेवटाला उभं राहायचं. त्यात आमचा जुना नियम : पयलीं घरां, मागीर गाड्यो. म्हणजे आधी प्रत्येक घराची एक गाडी जाणार, सगळी घरं झाली की मग ज्याच्या दोन-चार गाड्या असतील त्याची दुसरी. बाबुरावाकडे अकरा ट्रक आहेत, पण पहिल्या फेरीत तो आणि सदाशिव सारखेच. त्याला ते किती वर्षं खुपतंय, ते त्याच्या आवळलेल्या दातांवरून कळतं.

तर त्याने तोडगा काढला. सात गावांचा मिळून एक वाहतूक महासंघ. सात गावांची एक लायन, एक दर, कुठल्याही गावची गाडी कुठल्याही खाणीवर. ऐकायला गोड. पण नंबर घराला नाही, गाडीला. ज्याच्या अकरा गाड्या त्याचे अकरा नंबर. सातही गावांतले असे बाबुराव एकत्र आले तर आमचा नंबर कधी लागायचा? गावात ज्यांच्याकडे पुष्कळ आहे असे तिघे, त्यांच्या मिळून सव्वीस गाड्या. उरलेल्या पंधरा घरांत एकेक. आम्ही सोडून बाकीचे चौदाही गप्प आहेत, कारण निम्म्यांची घरं बाबुरावाच्या जमिनीत.

तू तिकडे टॅक्सीवाल्यांचा पुढारी. तुला कायद्याची भाषा येते. मला एक हरकतीचं पत्र लिहून दे, चांगल्या मराठीत, तोंडात मारल्यासारखं. खाली सही मी करते.

आत्याला नमस्कार. तिचे गुडघे कसे आहेत?

तुझी,
विनिता

---

हरमल, पेडणे
१५ नोव्हेंबर २०२५

चि. विनितास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "विनिता आमची आगपेटी." लहानपणी तू माझ्या पाठीत शेणाचा गोळा मारला होतास, कारण मी तुझ्या रांगेत मध्ये घुसलो होतो. तुझा रांगेचा सोस जुना आहे.

आता शांतपणे वाच. महासंघ वाईट नाही. आज कंपनी काय करते? तुमच्या गावाने दर वाढवून मागितला की शेजारच्या गावच्या गाड्या बोलावते. सात गावे एक झाली की तिला सातांशी एकच बोलणे करावे लागेल. एकीचे बळ पुस्तकात असते तसे खरेही असते. इथे हरमलात आम्ही टॅक्सीवाले एक झालो म्हणून टिकलो. गेल्याच आठवड्यात मोबाइलवरून बोलावलेली बाहेरची एक गाडी आमच्या स्टँडवरून आम्ही परत पाठवली. गावच्या धंद्यात बाहेरचा माणूस घुसू द्यायचा नसेल तर एकी लागते.

लहान माणसाला नेहमी वाटते की मोठ्या संघात आपण बुडू. पण बाजार मोठा झाला की सगळ्यांनाच काम मिळते. सदाशिवभावोजींना आज आठवड्याला ज्या खेपा मिळतात त्याहून जास्तच मिळतील. शिवाय चालकांना विमा, ठरलेला पगार. गावात ज्यांच्याकडे काहीच नाही ते महासंघाच्या बाजूनेच आहेत, हे तू लिहिले नाहीस.

हरकतीचे पत्र मी लिहून देणार नाही. तुझ्या भल्यासाठीच. उगाच बाबुरावशी वैर घेऊ नकोस. देवळातल्या हंगामाच्या गाऱ्हाण्याला गावाने होय म्हटले की विषय संपला.

इकडे गर्दी कमी. खोल्या रिकाम्या आहेत. समुद्राने यंदा आमच्या किनाऱ्यावरच्या शॅकची पुढची बाजू नेली. आईचे गुडघे तसेच.

तुझा,
परेश

---

सुर्ला
२५ नोव्हेंबर २०२५

परेशदादा,

नमस्कार लिहीत नाही. हात जोडायचे झाले तर आधी हातातलं लाटणं खाली ठेवावं लागेल.

हरमलच्या स्टँडवर बाहेरची गाडी आली की गावावर संकट, आणि सुर्ल्याच्या खाणीवर बाहेरच्या तीनशे गाड्या आल्या की बाजार मोठा? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! मी हे वाक्य सदाशिवला दोनदा वाचून दाखवलं. तो सज्जन माणूस, म्हणाला, "तांचो धंदो वेगळो असात." मी म्हटलं, धंदा वेगळा असेल, पोट वेगळं आहे काय?

आता इथलं ऐक. परवा रविवारी देवळात हंगामाचं गाऱ्हाणं झालं. तू लहानपणी पाहिलं आहेस. कृष्णनाथकाका अजून तेच गाऱ्हाणं घालतात, ऐंशीच्या वर गेले, नजर अधू झाली आहे. पुरुष पुढे, आम्ही बायका मागे खांबांपाशी. काका म्हणाले, "बा देवा म्हाराजा, आज जो कितें हो गाव तुज्या दारांत हात जोडून उबो रावला, तांच्या गाड्यांक, चाकांक राखण कर," आणि सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" "वाटेर, घाटार, जेटीर कोणाक इजा जावंक दिवं नाका." "व्हय म्हाराजा!" "पोरांबाळांक सुखी दवर." "व्हय म्हाराजा!"

तुला माहीत आहे तिथे काय होतं. कोण अर्थ ऐकतो? काका श्वास घ्यायला थांबले की आपलं तोंड आपोआप उघडतं. जन्मापासूनची सवय. मग काकांनी खिशातून एक चिठ्ठी काढली, डोळ्यांजवळ नेली आणि वाचली, "साती गांवांचो एकवट जावं दी, साती गांवांचीं चाकां एके लायनीन चलूं दी, जो कोण हातूंत आड येता ताका तूं समजाय."

"व्हय म्हाराजा!"

मीपण म्हणाले, दादा. मोठ्याने म्हणाले. नारळ फुटला, प्रसाद वाटला, शिरा खाऊन घरी आले आणि हात धुताना माझ्या डोक्यात उजेड पडला. आपण काय म्हणून बसलो?

सोमवारी सकाळी देवळाच्या फळ्यावर नोटीस : "ग्रामस्थांनी देवासमोर एकमताने महासंघात सामील होण्यास पाठिंबा दिला." एकमताने! एकेचाळीस ट्रकांचं गाव, दोनशे घरं, आणि मत एकालाही विचारलं नाही. विचारलं ते देवाला आणि उत्तर दिलं ते आमच्या सवयीने. मी कृष्णनाथकाकांकडे गेले. बिचारे जनेलातून बाहेर बघत रडत बसले होते. म्हणाले, "बाये, म्हज्या तोंडांत तांणी घास घालो आनी हांवें तो गिळ्ळो." चिठ्ठी बाबुरावाने दिली होती.

मला एवढंच सांग. गाऱ्हाण्यात गाव होय म्हणणार, हे तुला आठ दिवस आधी हरमलात बसून कसं ठाऊक?

विनिता

---

हरमल
१ डिसेंबर २०२५

चि. विनितास,

पत्राची भाषा पाहून वाईट वाटले. मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा आहे.

गाऱ्हाणे दरवर्षी होते आणि त्याला गाव होय म्हणतो, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तू संशयाने पछाडली आहेस.

एक मात्र लक्षात ठेव. देवासमोर दिलेला शब्द माणसाने मागे घेऊ नये. मनापासून दिला की सवयीने, हे देव विचारत नाही. शब्द तो शब्द. आपल्या घराण्याला हे शोभत नाही की आज होय म्हणायचे आणि उद्या नाही.

शिवाय तुझ्या घरात आधीच एक नाजूक गोष्ट आहे. ट्रक तुझ्या नावावर असला तरी चालवणारा माणूस गोव्याचा नाही, हे लोक विसरलेले आहेत. त्यांना आठवण करून द्यायला लावू नकोस. गप्प राहिलीस तर भावोजींना मी महासंघात सुपरवायझर म्हणून लावून देऊ शकेन. बसून काम, ठरलेला पगार. या वयात स्टेअरिंग ओढण्यापेक्षा बरे.

विचार कर.

परेश

---

सुर्ला
२६ डिसेंबर २०२५

श्री. परेश यांस,

महिनाभर पत्र लिहिलं नाही, कारण लिहायला बसले की पेन कागदातून खाली मेजात जायचं.

लायन सुरू झाली. आमचा नंबर दोनशे चौदा. तीन आठवड्यांत सदाशिवच्या चार खेपा झाल्या. पूर्वी चार खेपा दोन दिवसांत व्हायच्या. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या भोंप्याबरोबर उठून तो गाडी पुसतो, आरसा पुसतो, नंबरप्लेट पुसतो, मग परत आरसा. पुसण्यासारखं काही उरलं नाही की अंगणात बसतो. मी विचारलं, नंबर कसे लावले? तर अर्ज आले त्या क्रमाने. अर्ज कधी आले? नोटीस लागायच्या आधीच. एक ते अकरा बाबुरावाचे. बारा ते पंधरा कोणाचे, ते कोणी सांगेना.

सोमवारी मला दिसलं. नाक्यावर बसची वाट बघत होते. समोरून नवे कोरे टिपर आले, पुढे लिंबू-मिरची, काचेवर बारा, तेरा, चौदा, पंधरा. आणि कपाळावर पिवळ्या अक्षरात काय? 'कमलाक्षी कृपा'. चारही गाड्यांवर.

माझ्या आत्याचं नाव! जिने मला अंगाखांद्यावर खेळवलं, जिच्या लग्नात माझे वडील या गावच्या रस्त्यावरून अनवाणी चालत गेले, तिचं नाव रंगवून तू आमच्या पोटावर चाकं घातलीस. आणि वर मला शिकवतोस, देवासमोरचा शब्द. चोर तो चोर वर शिरजोर. 'गावचा भाचा' म्हणून बाबुरावाने तुला आत घेतला, हो ना? भाच्याला नंबर बारा आणि गावच्या लेकीला दोनशे चौदा. आणि सदाशिव भायलो! तीस वर्षं या गावची लाल धूळ त्याने छातीत साठवली, तो भायलो, आणि हरमलच्या समुद्रावर खोल्या भाड्याने देणारा तू गावचा. माझ्या नवऱ्याला सुपरवायझर करणार होतास ना? कोणाचा? तुझ्या गाड्यांचा? तुझी ती नोकरी तुझ्या खोलीतल्या गादीखाली ठेव.

पण सगळं खरं सांगायचं तर हेही सांगते. बारा नंबर चालवत होता आमचा सगुण. बाबुरावाच्या जमिनीवर घर असलेला मुंडकार, वीस वर्षं दुसऱ्यांचे ट्रक चालवतोय. मी त्याची गाडी थांबवली. भर रस्त्यात विचारलं, "सगुण, गाऱ्हाण्यांत तुजो आवाज सगळ्यांत व्हडलो आसलो. लज दिसली ना?"

तो खाली उतरला नाही. वरूनच म्हणाला, "विनिताबाय, तुमच्या पोरण्या लायनींत म्हजो नंबर खंय आसलो? पयलीं घरां, मागीर गाड्यो म्हणटालीं तुमी. म्हजें घर घर न्हय?"

मी रस्त्यातून बाजूला झाले. आमचा तो नियम, ज्याचा मला एवढा अभिमान, तो ट्रकवाल्या घरांचा होता. बाकीची एकशे ऐंशी घरं आम्ही घरांत धरलीच नव्हती. त्याच्या विम्याचं, पगाराचं मी कधी विचारलं नाही. बाबुरावाने विचारलं, खोटं का होईना. म्हणून तो मनापासून म्हणाला, व्हय म्हाराजा. त्याचा विमा अजून आलेला नाही, पगार पहिल्यासारखाच खेपेवर.

मला आधी त्याचा राग आला. घरी पोहोचेपर्यंत माझाच आला. पण तुझा गेलेला नाही, त्या भ्रमात राहू नकोस.

विनिता

---

हरमल
३ जानेवारी २०२६

विनिता,

गाड्या माझ्या आहेत. लपवले, ते चुकले.

पण तू समुद्र बघितला आहेस, हरमल बघितले नाहीस. आमच्या दोन्ही बाजूंच्या जागा दिल्लीच्या लोकांनी घेतल्या. त्यांची हॉटेले तीन मजली, स्वतःच्या गाड्या, स्वतःचे जनरेटर. माझ्या सहा खोल्यांना कोण विचारतो? जागेचा एक तुकडा विकला आणि टिपर घेतले. मीही बुडतोच होतो, फक्त तुला दिसेल अशा ठिकाणी बुडत नव्हतो. बाबुराव म्हणाला, "भाचो म्हणून तुका घेतां." बुडता माणूस हात कोणाचा आहे ते बघत नाही.

आई तुझ्या पत्राबद्दल विचारते. मी म्हटले, आले नाही. गाड्यांवर तिचे नाव आहे हे तिला सांगितलेले नाही.

आता महत्त्वाचे. लायन सुरू झाली तरी गाऱ्हाण्यावर सरकारी नोंदणी होत नाही. १८ तारखेला रविवारी निबंधकांचा माणूस देवळाच्या चौकात येणार आहे. गावच्या संघटनेचे ट्रकमालक हात वर करतील, तो लिहून घेईल. सतरा जण तयार आहेत. तू एकटी राहिलीस. एका हाताने काही थांबणार नाही, पण बाबुराव ठरवून बसला आहे. तू विरोध केलास तर त्याच सभेत भावोजींचा विषय काढून तुमची गाडी लायनीतूनच काढायची. हे मी तुला धमकी म्हणून लिहीत नाही, भाऊ म्हणून लिहितो. त्या दिवशी घरी रहा. डोके दुखते म्हणून सांग.

मीही येणार आहे. तुझ्याकडे जेवायला यायची सोय राहू दे.

परेश

---

सुर्ला
१९ जानेवारी २०२६

ती. परेशदादास,
विनिताचा साष्टांग नमस्कार.

काल तू जेवायला आला नाहीस. तिसऱ्यांची एकशिपी केली होती, एकेक शिंपला ठेवून. तुझ्या वाटणीची सगुणने खाल्ली.

तू सगळं पाहिलंस, तरी लिहिते, कारण काय झालं त्याच्या आजच दोन गोष्टी गावात फिरायला लागल्या आहेत. तिसरी तू तयार करू नयेस.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी घरी बसले नव्हते. आधी सगुणकडे गेले. त्याच्या बायकोने, वत्सलाने, मला बसायला सांगितलं नाही. मी उंबऱ्यावर बसले. म्हटलं, माझं चुकलं. एका घराला एक नंबर, पण गाडी असो वा नसो. ज्या घरात गाडी नाही त्या घराने आपला नंबर हव्या त्या गाडीला द्यावा, आपल्या अटीवर. सगुण म्हणाला, "असलें कोण मानतलो?" वत्सला म्हणाली, "आदीं विचारुंया तरी." मग ती आणि मी मिळून दहा दिवस घरं फिरलो. शेवटी कृष्णनाथकाकांकडे गेलो. मी काकांना चिठ्ठी दिली नाही, दादा. मी त्यांना एवढंच सांगितलं, काका, उद्या कोणी मध्ये बोललं तर थांबा.

तर काल. सरकारी माणूस चौकात मांडलेल्या कादेरीवर बसला, वही उघडली. बाबुराव म्हणाला, आधी देवाला गाऱ्हाणं, मग हात. त्याला वाटलं, सोन्याहून पिवळं. तू त्याच्या उजव्या हाताला उभा होतास, नवा पांढरा शर्ट. काका नेहमीसारखे चालू झाले. राखण कर. व्हय म्हाराजा. पोरांबाळांक सुखी दवर. व्हय म्हाराजा. मग तीच चिठ्ठी. "साती गांवांचो एकवट जावं दी, साती गांवांचीं चाकां एके लायनीन चलूं दी..."

"नाय म्हाराजा!"

माझाच आवाज, पण मलाच ओळखू आला नाही. त्या देवळात तो शब्द कोणी कधी ऐकला नसेल. लोक देवाकडे बघायला लागले, जणू आता तोच काही बोलेल. काका थांबले. आणि नाही म्हटल्यावर गाऱ्हाणं पुढे कसं न्यायचं, हे कोणाला माहीत? नारळ तर अर्धवट गाऱ्हाण्यावर फुटत नाही. बाबुराव ओरडला, "बायल मनशेन मदीं उलोवपाचें न्हय! भायल्याची बायल ही!" तेव्हा खांबामागून वत्सला म्हणाली, "नाय म्हाराजा." मग सगुण, तुझ्या बारा नंबरचा. मग कोण कोण, मी मोजलं नाही. सदाशिवचा आवाज मात्र मी ओळखला. तीस वर्षांत त्या देवळात तो पहिल्यांदा मोठ्याने बोलला.

काकांनी चिठ्ठी चुरगाळून खाली टाकली आणि विचारलं, "मागीर कशें म्हणूं, बाये?"

मी सांगितलं. काकांनी डोळे मिटले आणि त्यांच्या जुन्या खणखणीत आवाजात म्हणाले, "बा देवा म्हाराजा, साती गांवांचो एकवट जावं दी. पूण चाकां मेजून न्हय, मनशां मेजून. दर एका घराक एक नंबर, गाडी आसूं वा नासूं, घर आपलें आसूं वा मुंडकाराचें आसूं. जाका ह्या गांवांत चूल आसा तो ह्या गांवचो."

काका श्वास घ्यायला थांबले.

"व्हय म्हाराजा!"

मी तुमच्याकडेच बघत होते. बाबुरावाचे हात जोडलेले होते, आणि त्याचं तोंड उघडलं. जन्मापासूनची सवय! आवाज बाहेर आल्यावर त्याने ओठ चावले, पण तोवर नारळ फुटला होता. आणि तूही म्हणालास, दादा. डोळे मिटून, लहानपणी म्हणायचास तसं. मी ऐकलं.

मग हात वर करायची वेळ आली. बाबुराव म्हणाला, माझे अकरा ट्रक, माझे अकरा हात धरा. सरकारी माणसाने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "माणसाने एकच हात वर करायचा." अठरा मालकांपैकी बारा हात नव्या अटीला. जे बाबुरावाला भीत होते ते देवाला जास्त भीत होते, एवढाच फरक. वहीत लिहिलं गेलं : गाव महासंघात जायला तयार, घरामागे एक नंबर या अटीवर. बाकीच्या सहा गावांत अजून सभा व्हायच्या आहेत. त्यातलं एक गाव वत्सलाचं माहेर. ती आज सकाळच्या बसने गेली. दोन गावांत माझ्या मैत्रिणी आहेत. जमेल की नाही, ठाऊक नाही. एकीला माझा विरोध कधीच नव्हता, ते आता मला कळलं. ज्याच्या हाती ससा तो पारधी, अशा एकीला होता.

आज सकाळपासून बाबुराव सांगत फिरतोय की गाऱ्हाणं म्हणजे ठराव नव्हे, सवयीने तोंडातून गेलेल्या शब्दाला किंमत नसते. दोन महिन्यांपूर्वी होती, आज नाही. मला भांडत बसावं लागलं नाही. मी घरी आले, ट्रंक उघडली, तुझं १ डिसेंबरचं पत्र काढलं, डिचोलीला जाऊन त्या एका पानाची झेरॉक्स केली आणि देवळाच्या फळ्यावर नव्या नोटिशीशेजारी लावली. तुझ्या सुंदर अक्षरात आहे, लांबून वाचता येतं : "देवासमोर दिलेला शब्द माणसाने मागे घेऊ नये. मनापासून दिला की सवयीने, हे देव विचारत नाही." खाली तुझी सही. भावोजींच्या नाजूक गोष्टीचा परिच्छेद मी झाकला नाही. गावाने तोही वाचावा.

आता तुझं. तुझी चूल हरमलात, म्हणून तुझ्या घराला इथे नंबर नाही. तुझ्या घराचा नंबर तुझ्या टॅक्सी स्टँडवर आहे, तिथे बाहेरच्याला घुसू द्यायचं नसतं हे तूच मला शिकवलंस. पण चार टिपर उभे करून तू बुडावंस असं मला वाटत नाही. तू बुडत होतास हे मला सांगितलं असतंस तर मी एकशिपी करून तुला पहिल्याच दिवशी बोलावलं असतं. ते जाऊ दे. सगुणच्या घराचा एक नंबर आहे. तो त्याने तुझ्या गाडीला दिला तर तुझी एक गाडी चालेल. त्याच्या अटी त्याने वत्सलाकडून लिहून घेतल्यात, विमा पहिल्या ओळीत आहे. बाकीच्या तिघा चालकांकडेही असंच जावं लागेल. मुंडकाराचं घर आहे, दार ठेंगणं आहे, वाकून आत ये. वत्सला बसायला सांगेलच असं नाही. उंबऱ्यावर बस, मीही तिथेच बसले होते.

आणि येताना आत्याला घेऊन ये. गाड्यांवर कोणाचं नाव आहे, ते तिला तिच्या माहेरच्या नाक्यावर उभं करून मीच वाचून दाखवणार आहे.

तुझी बहीण,
विनिता